पिल्लू नर की मादी: ओळख कोणाची, व्यवहार कोणाचा

(कराड येथे तालुक्यातील बचत गटांच्या आणि महिला कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय होता ‘परसातलं कुक्कुटपालन आणि महिलांचं सक्षमीकरण’. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात घ्यायचा म्हणजे खुराडं कसं बांधावं, लस कधी द्यावी, कर्ज कुठं मिळतं हे सगळं चिमूटचिमूट सांगायचं आणि कोणाच्याच हाताला काही लागू द्यायचं नाही. म्हणून मी त्यातला एक तुकडा तोडून घेतला आहे. पिल्लू लहान असताना ते नर की मादी हे कसं ओळखायचं, आणि ते वेळेत ओळखता आलं तर बाईच्या हातात काय राहतं, एवढ्यावरच मी बोलणार आहे. काहीजणी हसताहेत. हसा, पण हा पैशाचा विषय आहे.

आपला हा कृष्णा-कोयनेचा भाग उसाचा. उसाचं बिल ज्याच्या नावावर ऊस त्याच्या खात्यावर जमा होतं. दुधाचा पगार डेअरीत ज्याचं खातं त्याला मिळतो, मग शेण काढणारी आणि धार काढणारी कोणीही असो. जमिनीचं तर विचारूच नका. १९९०च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि नवऱ्यांनी बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करावी असं आवाहन केलं. काही गावांनी ते केलंही. पण आज आपापल्या घरचा सातबारा काढून बघा, त्यावर आपलं नाव आहे का ते. कोंबडीला मात्र सातबारा नसतो. तिचं खातं नसतं, तिच्यावर सोसायटीचा बोजा चढत नाही. चार अंडी दुकानात दिली की मीठ, चहापूड, पोरीची वही येते आणि त्याचा हिशोब कोणी विचारत नाही. नवऱ्यानं टाकलेल्या, माहेरी भावाच्या वळचणीला राहणाऱ्या कितीतरी जणींनी पहिला स्वतःचा रुपया बघितला तो कोंबडीच्या जिवावर.

असं आपण म्हणतो खरं. पण नीट बघितलं तर या कोंबड्यांच्या मालकीतही एक भेग आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. अंडं बाईचं, कोंबडा घरधन्याचा. अंड्याचे पैसे आठ-दहा रुपयांनी येतात, ते बाईच्या पदराच्या गाठीत मावतात. कोंबड्याचे एकदम पाचशे-सहाशे येतात. मग पाहुणा आला की कोंबडा, जत्रा आली की कोंबडा, आखाड आला की कोंबडा, आणि विकायचा झाला तर गाडीला अडकवून बाजारात नेणारा हात पुरुषाचा. त्यातले किती घरी येतात ते मी सांगायला नको. पिल्लू जोवर पिल्लू आहे तोवर ते बाईचं. त्याला दाणे टाकायचे, घारीपासून राखायचं, संध्याकाळी मोजून डालग्याखाली झाकायचं हे सगळं बाईनं करायचं. त्याचा तुरा लाल झाला, त्यानं पहिली बांग दिली, की त्याची मालकी बदलते. ही मालकी बदलण्याआधीचे जे चार-सहा आठवडे आहेत त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी, कशानं ओळखता येत नाही ते बघू.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग निघते, हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. रवणीला बसवताना बायका तशी गोल अंडी निवडून ठेवतातही. गंमत अशी की दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटलनं नेमकं उलट लिहून ठेवलं होतं, की लांबट टोकदार ते मादीचं आणि गोल ते नराचं. पुढं रोमनांनी ते पुन्हा फिरवलं. इतकी शतकं दोन्ही बाजू ठामपणे सांगत राहिल्या, कारण दोन्ही बाजूंना अर्ध्या वेळा बरोबर निघण्याची खात्री होती. अंड्याचा आकार कोंबडीच्या आतल्या नळीवर ठरतो. एका कोंबडीची अंडी साधारण एकाच घडणीची येतात हे तुम्ही बघितलंच असेल. आपली लांबट अंड्यांची कोंबडी काय जन्मभर फक्त कोंबडेच काढते का?

अंड्यावर दोऱ्याला बांधलेली सुई धरणं, पिल्लाला मानेला धरून उचलणं आणि त्यानं पाय आखडले की सोडले हे बघणं, उलटं धरल्यावर मान वर करतं का ते पाहणं, हे सगळं त्याच जातीचं. दहा पिल्लं घेऊन करून बघा, प्रत्येकाच्या पायात रंगीत चिंधी बांधा, वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी ताळा घ्या. पाच-सहा बरोबर येतील. डोळे मिटून सांगितलं तरी तेवढीच येतात.

‘यंदा ऊब कमी पडली म्हणून नरच जास्त निघाले’ असंही म्हणतात. मगरीत आणि काही कासवांत अंड्याच्या उबेवर नर-मादी ठरतं हे खरं आहे. कोंबडीत नाही. कोंबडीत ते अंडं बाहेर पडण्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरतं आईच्या बाजूनं. कोंबड्याकडून येणारा लिंगाचा अंश एकाच प्रकारचा असतो. कोंबडीकडे दोन प्रकार असतात आणि त्यातला कोणता अंड्यात उतरला त्यावर पिल्लू ठरतं.

इथं मी थोडी थांबते, कारण माणसात हे बरोबर उलटं आहे. माणसात दोन प्रकार बापाकडे असतात आणि आईकडे एकच. म्हणजे मुलगा झाला नाही म्हणून कोणाला बोल लावायचाच असेल, तर तो लावायचा घरातल्या त्या माणसाला, जो उंबऱ्यावर बसून बायकोला बोलत असतो. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला माहेरी धाडणाऱ्या सासूच्या दारात जी कोंबडी चरत असते, तिच्या बाबतीत तो आरोप निदान शास्त्राला धरून तरी झाला असता. आणि तिला कोणी काही म्हणत नाही! अर्थात कोंबडीच्याही हातात काही नसतं, तसंच बापाच्याही हातात नसतं. चिठ्ठी निघते, तसं ते निघतं.

चिठ्ठीचंच एक सांगते, कारण त्यावरून बायका कोंबडीला नावं ठेवतात. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे हा हिशोब शेकड्यात जमतो, एका रवणीत जमत नाही. दहा पिल्लं निघाली आणि त्यात सात किंवा जास्त कोंबडे निघाले, असं सहा रवणींत एकदा तरी होणारच. तसंच सात किंवा जास्त तलंगाही सहांत एकदा निघणार. तेव्हा एका वर्षी कोंबडेच निघाले म्हणून चांगली रवणीची कोंबडी कापायला देऊ नका.

आता ओळखता कशानं येतं.

एक दिवसाचं पिल्लू ओळखण्याची विद्या जगात आहे. जपानमध्ये १९२०च्या दशकात तिथल्या पशुवैद्यकांनी ती बसवली. पिल्लू हातात उलटं धरून त्याचं शेण काढायचं, गुदद्वार हलकेच उघडायचं आणि आत मोहरीहून बारीक असा एक उंचवटा आहे का, असला तर कसा आहे, ते बघायचं. १९३०च्या दशकात जपानी तरुण ही विद्या घेऊन अमेरिकेत गेले आणि तिथल्या हॅचऱ्यांनी त्यांना चांगले पैसे मोजले. सराईत माणूस तासाला आठशे-हजार पिल्लं वेगळी करतो आणि शंभरात चार-पाच चुका करतो. हे शिकवायचं कसं हा तिथं मोठा प्रश्न होता, कारण शिकवणाऱ्याला शब्दांत सांगताच येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसायचं, आपण सांगायचं, त्यानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, असं हजारो पिल्लांवर करायचं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आठवल्या. पाच आठवड्यांचं पिल्लू डालग्यातून बाहेर पडताना त्या नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, “त्यो कोंबडा हाय.” कशावरून म्हटलं तर, “दिसतंय की.” तीच विद्या, तशीच शेजारी बसून आलेली. जपानी माणसाला तिचा पगार मिळाला. आमच्या आत्यांना ‘म्हातारीला कळतं थोडंफार’ एवढंच मिळालं. आपल्या श्रमाची गणती होत नाही असं आपण नेहमी म्हणतो. आपल्या जाणतेपणाची तर मोजणीला सुरुवातसुद्धा झालेली नाही.

एक इशारा देऊन ठेवते. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उघडून बघण्याचा प्रयोग घरी करू नका. अंगठा जरा जोरात दाबला गेला तर आतली बलकाची पिशवी फुटते आणि पिल्लू मरतं.

हॅचऱ्यांत आणखी दोन उपाय चालतात. पंखाची पिसं बघणं हा एक. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. मादीची मुख्य ओळ लांब आणि वरची आखूड, नराच्या दोन्ही सारख्या. पण हे फक्त मुद्दाम तसा संकर करून काढलेल्या जातींतच आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच चालतं. दुसरा उपाय रंगाचा. सोनेरी-तांबड्या कोंबड्याची ठरावीक रुपेरी जातीच्या कोंबडीशी जोडी लावली तर मादी पिल्लं तांबूस आणि नर पिल्लं पांढुरकी निघतात. आपल्या परसात कोणाचा कोंबडा कोणाच्या कुंपणावरून येतो ते आपल्याला माहीत असतंच. तेव्हा गावठी पिल्लांना हे दोन्ही लागू नाही. ‘काळी पिल्लं म्हणजे तलंगा’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्याकडून पिल्लं घेऊ नका.

मग आपल्या परसातली पिल्लं कधी कळतात? पहिले तीन आठवडे कळत नाहीत, आणि जो कळतं म्हणतो तो अंदाज सांगतो. चौथ्या आठवड्यापासून बघायला सुरुवात करायची. एका पिल्लाकडे एकटं बघून काही समजत नाही, एका रवणीची सगळी पिल्लं शेजारीशेजारी ठेवून बघायची. वय सारखं, आई एक, दाणा एक, मग जो फरक दिसतो तो नर-मादीचाच असण्याचा संभव जास्त.

पहिलं बघायचं शेपूट आणि पाठ. मादीला पिसं लवकर फुटतात. चार-पाच आठवड्यांची तलंग पाठीवर झाकलेली दिसते, तिची छोटी शेपटी नीट दिसते. त्याच वयाचा नर पाठीवर उघडा, खांद्याशी विस्कटलेला, शेपटीच्या जागी नुसतं बोंडूक. बायका त्याला आजारी समजतात आणि जास्तीचा दाणा घालतात, आणि तोच पुढं कोंबडा निघतो! दुसरं बघायचं पाय. नराची नळी जाड, पंजा मोठा, उभं राहणं ताठ. तिसरा तुरा. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला नराचा तुरा रुंद होतो, गुलाबी होतो, मग लाल. चोचीखालच्या पाळ्याही दिसू लागतात. तलंगेचा तुरा तोवर पिवळसर, बारीक राहतो आणि तो लाल होतो तो अंड्यावर येताना, पाच-सहा महिन्यांनी. आठव्या आठवड्यापर्यंत सरसकट गावठी पिल्लांत दहातली आठ-नऊ तरी या तीन गोष्टींवरून वेगळी करता आली पाहिजेत.

उरलेल्यांसाठी थांबायचं. दहा ते बारा आठवड्यांत पक्की खूण येते, ती म्हणजे कमरेवरची पिसं. पाठ संपते आणि शेपटी सुरू होते तिथं एक पीस बोटांत धरा. टोकाला गोल असेल तर मादी. लांब, अरुंद, टोकाला भाल्यासारखं निमुळतं आणि चकाकणारं असेल तर नर. मानेवरच्या पिसांचंही तसंच, पण मानेवर कधी फसगत होते, कमरेवर सहसा होत नाही. अंगभर काळंभोर पिल्लू असो, कबरं असो, ही खूण चालते. पायाच्या मागच्या काट्यावर मात्र विसंबू नका, तो उशिरा येतो आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही कधी येतो.

जातीजातीचा फरक सांगितला पाहिजे, कारण आता आपल्याकडे नुसत्या गावठी राहिलेल्या नाहीत. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आली, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया आल्या. यांची पिल्लं अंगानं भराभर वाढतात, त्यामुळं पाय जाड दिसला की कोंबडा असं ठरवलं तर अर्ध्या तलंगा विकून टाकाल. तिथं गिरिराजाची तुलना गिरिराजाशीच करायची. असीलचा तुरा मुळातच बसका, दाण्यांसारखा. त्यात नराचा तुरा उशिरा कळतो, म्हणून कमरेच्या पिसांची वाट बघावी. आणि कडकनाथ! त्याचा तुरा काळपट-जांभळा, त्यामुळं ‘लाल झाला की कोंबडा’ हा नियमच बाद. तिथं रंग सोडा, आकार बघा.

कडकनाथचं नाव निघालं की आपल्या भागात शांतता पसरते. २०१९ साली इस्लामपुरातून उघडकीला आलेल्या त्या प्रकरणात सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या किती घरांचे पैसे अडकले ते इथं बसलेल्या अनेकींना ठाऊक आहे. त्याच्या कोर्टकचेरीत मी जात नाही. माझ्या ओळखीच्या तीन घरांत जे बघितलं तेवढंच सांगते. तिन्ही घरांत पक्षी सांभाळले बायकांनी, करारावर सही केली पुरुषांनी, आणि आलेल्या पिल्लांत किती नर, किती माद्या हे पिल्लं उतरवून घेताना कोणी मोजलं नाही. अंड्यांचा हिशोब मात्र सगळी पिल्लं माद्या आहेत अशा थाटात मांडला होता. शंभर पिल्लं म्हणजे शंभर अंडी देणाऱ्या, असं गणित जिथं दिसेल तिथं पहिला प्रश्न हाच विचारा, की यातले कोंबडे कुठं गेले?

मोटरसायकलवर जाळीचा खोका बांधून येणाऱ्या पिल्लंवाल्यालाही हाच प्रश्न. तो स्वस्तात देतो, ‘गावठी आहेत, सगळ्या तलंगा’ म्हणतो. अंड्यांच्या मोठ्या धंद्यात नर पिल्लाला किंमत नाही. ते अंडी देत नाही आणि त्या जातीच्या अंगावर मांसही चढत नाही. त्यामुळं हॅचरीतून वेगळे काढलेले नर कवडीमोलानं बाहेर पडतात. गुलाबी-हिरवे रंगवलेले जत्रेत पोरांच्या हातात दिसतात ते बहुतेक हेच. बाई दाणा घालून पाच महिने वाढवते आणि हाताला लागतो हाडकुळा कोंबडा. एक दिवसाचं पिल्लू नर की मादी हे तुम्हाला सांगता येत नाही, त्यालाही त्या खोक्याशेजारी उभं राहून सांगता येत नाही. म्हणून घ्यायचीच असतील तर सहा आठवड्यांच्या पुढची घ्या. महाग पडतील, पण जे मोजाल ते मिळेल.

सरकारी योजनेचंही हेच सूत्र आहे. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत दोन प्रकारचे गट ठरलेले होते. एक, शंभर एकदिवसीय पिल्लांचा. दुसरा, आठ ते दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नरांचा. पहिल्यात निम्मे नर येणार हे धरूनच चालायचं. दुसऱ्यात आठ-दहा आठवडे हे वय का घेतलं असेल? कारण त्या वयाला नर-मादी कळते. म्हणजे कागदावर पंचवीस आणि तीन लिहिलं असेल तर ते गाडी उभी असतानाच तपासता येतं. मागे एका गावी असा गट वाटायला गाडी आली. लाभार्थी म्हणून नावं बायकांची, पण पिल्लं उतरवून घ्यायला उभे राहिले पुरुष आणि सहीसाठी कागद घरात पाठवला. गटातल्या दोघीजणी पिंजऱ्याशी गेल्या आणि एकेक पक्षी काढून बघू लागल्या. एका गटात तिनाच्या जागी अकरा नर निघाले. आणणारा माणूस म्हणाला, “ताई, आत्ता काय कळतंय, मोठी झाल्यावर बघा.” त्यांनी दोन पक्षी शेजारीशेजारी धरून तुरा दाखवला, पाय दाखवले, आणि बदलून मिळाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पक्षी बदलून आले. त्या दोघींपैकी एकीला सही सोडली तर फारसं लिहिता येत नाही.

एक भीती काढून टाकायची आहे. तलंग आरवली तर घराचं वाईट होतं म्हणून तिची मान मुरगळतात. कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचाच अंडकोश काम करतो. आजारानं किंवा वयानं तो बिघडला तर क्वचित तिला नरासारखी पिसं येतात, ती बांग द्यायला लागते. शरीरातला बिघाड आहे तो, दुसरं काही नाही. युरोपात बासेल नावाच्या शहरात १४७४ साली एका कोंबड्यानं अंडं घातलं म्हणून त्याच्यावर खटला भरून त्याला जाळलं होतं, तेव्हा खुळेपणा काही आपल्याकडेच आहे असं नाही. पण कोंबडा गप्प बसला तर त्याची मान कोणी मुरगळत नाही, आणि कोंबडी आरवली की मुरगळतात. गावसभेत पहिल्यांदा बोललेल्या बाईला हे समजावून सांगायला नको.

आता ज्या गोष्टीमुळं मला हा विषय अवघड जात होता त्याकडे येते. नर-मादी ओळखणं हे शब्द आपल्या जिल्ह्यांत उच्चारले की डोळ्यांपुढं पिल्लं येत नाहीत, सोनोग्राफीचं मशीन येतं. महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली देशाचा कायदा झाला. तरीही २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, कोल्हापुरात ८३९ एवढ्याच मोजल्या गेल्या. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळानं साताऱ्यातून पाठपुरावा करून डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिलं. २०११ साली आपल्याच जिल्ह्यात ‘नकोशी’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. आणि २०१७ साली मिरजेजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले.

खुराड्यात मादी हवी, पाळण्यात मादी नको. ही तुलना मी फार ओढणार नाही, पिल्लू ते पिल्लू आणि लेक ती लेक. पण दोन्हीकडे ‘नको’ ठरवणारा कोण ते बघा. हॅचरीत जगभर दरवर्षी कोट्यवधी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात, कारण अंडी देत नाहीत. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि तिथल्या कंपन्यांनी अंड्यातच नर-मादी ओळखून नराची अंडी आधीच बाजूला काढायची यंत्रं आणली. जन्मानंतर मारू नका म्हटलं की तपासणी जन्माआधी सरकते, हे आपल्याला नवीन नाही. ज्याला त्या जिवाला वाढवायचं नाही, तो फक्त उपयोगाचा हिशोब करतो. परसातल्या कोंबडीवाल्या बाईचं तसं नसतं. तिच्याकडे कोंबड्यालाही जागा आहे. तो मोठा होतो, विकला जातो, त्याचे पैसे होतात. ते कोणाकडे जातात एवढाच प्रश्न, आणि तो मी मघाशी अर्धवट सोडला होता.

म्हणून व्यवहाराचं बोलते. आठव्या आठवड्याला पिल्लं वेगळी केलीत की त्याच दिवशी ठरवा, कोणते ठेवायचे आणि कोणते विकायचे. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो, तोही आपल्याच रवणीतला ठेवू नका, दुसऱ्या गावच्या बहिणीशी अदलाबदल करा. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो. अंडं घालायला कोंबडी कोंबड्याची वाट बघत नाही, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. बाकीचे नर तुम्ही स्वतः, गटाच्या नावानं, एकत्र विका. एकटी बाई दोन कोंबडे घेऊन बाजारात गेली तर घरचे म्हणतात, “तू कशाला, मी देतो विकून.” गटाच्या वहीत आठव्या आठवड्यालाच ‘अमकीचे चार नर’ अशी नोंद झाली असेल तर ते चार नर घरातल्या कोणाला परस्पर उचलून नेता येत नाहीत, कारण विचारायला दहा जणी असतात. वेळ साधायची ती आखाडाची. श्रावण लागायच्या आधीच्या दोन आठवड्यांत गावठी कोंबड्याला जो दर येतो तो पुढं महिनाभर येत नाही. त्यासाठी नर फाल्गुनात नाहीतर चैत्राच्या सुरुवातीला निघालेले हवेत, म्हणजे आखाडापर्यंत किलो-सव्वा किलोचे होतात. रवण बसवायची तारीख त्यावरून मागं मोजा, एकवीस दिवस धरून.

आणि वहीत एक रकाना आणखी आखा, पैसे कोणाच्या हातात आले तो. मसूरकडच्या एका गटानं असा रकाना वर्षभर भरला. पहिल्या चार महिन्यांत त्यात बहुतेक ‘मालक’ असं लिहिलेलं होतं. त्यावरून बैठकीत बरीच भांडणं झाली, दोघींच्या घरी मारहाणीपर्यंत प्रकरण गेलं आणि गटाला मध्ये पडावं लागलं. हे सोपं आहे असं मी सांगत नाही. त्यांच्यातल्या काहींनी तो रकाना भरायचं सोडून दिलं, काहीजणी अजून भरतात.

बाहेरच्या ओसरीवर डालग्याखाली बारा पिल्लं ठेवली आहेत, एका रवणीची, नऊ आठवड्यांची. पायांत नंबर बांधले आहेत. चहाच्या आधी प्रत्येकीनं सगळी हातात घेऊन बघायची आणि कागदावर लिहायचं, कोणता नंबर नर आणि कोणता मादी. शेजारणीला विचारायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्या कानात सांगा, मी लिहून घेते.